भट्टीचं कोरडं

सगुणा कडूबा भट्टीवाल्याच्या घरात सून म्हणून आली ती रझाकारी मोडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. रझाकार पळाले, निजाम नमला, चावडीवर तिरंगा लागला. पण जालन्याहून अंबडला जाणाऱ्या सडकेच्या कडेला, दुधना नदीच्या काठी कडूबाचं राज्य होतं, ते तसंच राहिलं. तिथं कुणी पोलीस ॲक्शन केली नाही.

राज्य तरी केवढं? पुरुषभर उंचीची एक गोल दगडी भट्टी, तिच्यापासून लांब चुना विरवायचा हौद, बैल फिरवून चुना मळायची घाणी आणि राहायला दोन छपरं. नाल्याच्या दरडीत काळ्या मातीखाली चुनखडी लागते. बाया ती खणून पाट्यांनी आणायच्या. भट्टीत एक थर खडीचा, एक थर जळणाचा. जळण म्हणजे जालन्याच्या ठेसनावरून गाडीत घालून आणलेला, इंजिनानं अर्धा खाऊन टाकून दिलेला कोळसा. खालून पेटवायचं आणि वाट बघायची. भाजून भाजून दगडाची पांढरी फटक ढेकळं होतात. तो कळीचा चुना. हातात धरलं तर ढेकूळ अगदी गरीब वाटतं. मग त्यावर पाणी टाकून बघा. विस्तव नाही, जाळ नाही, आणि पाणी खदखदा उकळायला लागतं. ढेकूळ तडकतं, फुलतं, वाफ सोडतं, आणि शेवटी लोण्यासारखं मऊ होऊन बसतं. दगड तोच. पण दगड असताना त्याचा स्वभाव एक, ढेकूळ झाल्यावर दुसरा, भिजल्यावर तिसरा. आता शाळेत पोरं घन, द्रव, वायू असं घोकतात आणि मार्क मिळवतात. भट्टीवर नापास होणाऱ्याला मार्क नव्हे, फोड यायचे.

भट्टी पेटली की तिचं कोरडं सुरू व्हायचं. बाईमाणूस जसं सोमवार धरतं तसं भट्टी कोरडं धरते, असं म्हणायची रीत होती. भट्टीभोवती गोट्यांची एक रांग मांडलेली. त्या रांगेच्या आत पाण्याचा थेंब चालायचा नाही. घागरी लांब, बाभळीखाली. तहान लागली तर बाहेर जायचं, प्यायचं, तोंड पुसायचं, हात पुसायचे, मग आत यायचं. ओल्या केसांची बाई आत नको, ओल्या पदराची नको. भाकरी आत खायची असेल तर चटणीसंगं, कालवण बाहेर.

नियम मूळचा शहाणपणाचा होता. भाजलेल्या कळीला ओल लागली तर माल जागीच फुटून भुगा होतो. पोत्यात असेल तर पोतं पेटतं. कुण्या आजानं हात पोळून घेतले असतील आणि पाणी लांब ठेवलं असेल. पण शहाणपणाला दोन पिढ्या झाल्या की त्याचा देव होतो आणि देवाला पुजारी लागतो. तो पुजारी कडूबा. रांगेबाहेरच्या हौदात कळी टाकून पाणी ओतायचं, तेसुद्धा त्याच्याच हातानं. दुसऱ्या कुणी घागरीला हात लावायचा नाही. या भट्टीवर पाणी येतं ते माझ्या हातानं, असं तो सांगायचा. आणि तसं सांगताना पाणी त्यानंच जन्माला घातल्यासारखी त्याची मान ताठ व्हायची.

सगुणा नवी होती. ऐन वैशाखात तिचा नवरा कारभारी भट्टीच्या तोंडाशी राख ओढता ओढता चक्कर येऊन पडला. सगुणानं घागर उचलली, पळत रांगेच्या आत गेली आणि नवऱ्याच्या तोंडावर पाणी ओतलं. चार शिंतोडे शेजारी रचलेल्या कळीवर उडाले. ढेकळं फसफसली, तडकली, दोन-तीन फुटली. नुकसान म्हणाल तर मूठभर.

कडूबानं आधी घागर लाथेनं उडवली. मग बैलांचा आसूड घेतला. त्यानं बेभान होऊन वगैरे मारलं नाही. कडूबा हिशेबी माणूस होता. दुसऱ्या दिवशी तिला पाटी उचलता आली पाहिजे, इतपतच मारलं. पण खडी आणणाऱ्या सगळ्या बायांना गोल उभं करून मारलं. कारभारी एव्हाना शुद्धीवर आला होता. त्याच्या तोंडावरून अजून पाणी गळत होतं. त्यानं बापाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि मग उठून राख ओढायला लागला.

सासू झुंबरबाई हळद लावायला आली. पाठीवर हात फिरवून म्हणाली, "मीबी खाल्लाय ह्योच आसूड. वळ निघून जात्यात."

सगुणाला वळांचं काही वाटलं नाही. वाटलं ते नवऱ्याच्या तोंडावरच्या पाण्याचं.

ती भट्टीवर राबायला लागली आणि तिच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. बद्रीनाथ नावाचा गुत्तेदार चुना उचलायला यायचा. शाळा, चावड्या, विहिरींची बांधकामं त्याच्याकडं असायची. तो दर खेपेला एकच भांडण काढायचा : दगड एवढे मण टाकला आणि चुना अर्धेच मण कसा निघाला? बाकीचा काय तुझ्या सासरवाडीला धाडला का? कडूबा हात जोडून सांगायचा, भट्टी खाते शेठ. गुत्तेदार शिव्या द्यायचा आणि माल उचलायचा. कुणालाच त्यात नवल वाटत नव्हतं. सगुणाला वाटायचं. ती एका हातात कच्ची खडी घ्यायची, दुसऱ्या हातात तेवढंच भाजलेलं ढेकूळ. आकार तोच, पण वजन जवळपास निम्मं. राख म्हणावी तर राख वेगळी पडते. मग गेलं कुठं?

"आत्याबाई," तिनं एकदा सासूला विचारलं, "ढेकूळ हाय तेवढंच, मंग वजन कुठं गेलं?"

"तुझ्या जिभंत," झुंबरबाई म्हणाली. "जरा कमी बोलत जा, उतरंल."

उत्तर मिळालं ते एका थंडीत, आणि ज्यानं दिलं तो बोलायला उरला नव्हता. कचरू नावाचा एक बेघर माणूस बाजारच्या दिवशी ओझी वाहायचा आणि बाकीचे दिवस मागून खायचा. थंडी पडली की भट्टीच्या बुडाशी जो खड्डा होता, त्यात तो उबेला येऊन निजायचा. एका सकाळी तो तिथंच मेलेला सापडला. पाय पोटाशी घेतलेले, अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही, चेहरा झोपेतल्यासारखा. बाया कुजबुजल्या की भट्टीनं बळी घेतला. कडूबाला बळीशी देणंघेणं नव्हतं. पोलीसपाटील आला तर भट्टी विझवायला लावील, याची त्याला धास्ती. त्यानं कचरूला उचलायला लावलं आणि सडकेच्या पलीकडं लिंबाखाली नेऊन टाकायला सांगितलं. गावात सांगितलं की थंडीनं गेला. कारभारीला मढ्याचे पाय धरवेनात, म्हणून सगुणानं धरले.

ती परत आली तेव्हा त्या खड्ड्यातला दिवा तिच्या नजरेस पडला. भट्टीचा म्हणून तिथं एक दिवा ठेवायचे. तेल काठोकाठ होतं आणि दिवा विझलेला. तिनं जळकी काटकी लावून तो पेटवला आणि खाली ठेवला. विझला. वर उचलून पेटवला, वर तो छान जळत राहिला. पुन्हा खाली नेला, पुन्हा विझला. वारा नव्हता. धूर वर जातो हे तिनं जन्मभर पाहिलेलं. पण हे जे काही होतं ते वर जात नव्हतं. ते पाण्यासारखं खाली उतरून खड्डा भरून बसलं होतं. दिसत नव्हतं, वास नव्हता, हाताला लागत नव्हतं. दगडातून भट्टीनं जे हुसकून काढलं होतं ते हेच, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. गुत्तेदार ज्या वजनावरून भांडायचा ते वजन त्या खड्ड्यात पसरलं होतं आणि कचरू ते रात्रभर श्वासात ओढत होता.

पुस्तकांत त्याला लांबलचक नाव आहे आणि वायूला स्वतःचा आकार नसतो असंही लिहिलेलं असतं. सगुणानं त्याचा आकार पाहिला होता. तो पाय पोटाशी घेतलेल्या माणसाएवढा होता.

तेव्हापासून खड्ड्याजवळ कुणी टेकलं तरी ती आईबापावरून शिव्या द्यायची. लोक म्हणायला लागले की कडूबाची सून तोंडाची फाटकी आहे. होतीच.

मग डोळ्यांचं प्रकरण आलं. खडी आणणाऱ्या बायांत पुष्पाबाई नावाची एक होती, हसरी, कामाला वाघीण. हौदात कळी फुटत असताना ती जवळून पाटी घेऊन चालली होती. उकळीचा एक गोळा उडाला आणि तिच्या डाव्या डोळ्यात बसला. ती कोसळली. कुणीतरी घागरीकडं धावलं, पण कडूबानं त्याला हातातल्या दांड्यानं अडवलं. पाण्यानं चुना पेटतो हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, डोळ्यात पाणी घातलंत तर डोळा शिजंल, असं तो ओरडला. भट्टीवाल्यांचा उपाय ठरलेला : एरंडेल तेल भरायचं, वर शेळीच्या दुधाची पट्टी. कडूबानं स्वतःच्या हातानं तेल भरलं. पुष्पाबाईचा डोळा आठवडाभरात पांढरा झाला, चुन्याच्या गोट्यासारखा. ती पुन्हा कामाला आली, पण हसायची बंद झाली. कडूबा तिला हाक मारायचा, "ए काणे, हौद उजव्या अंगाला ठेवून चाल, तिकडून तुला दिसतो." आणि बाया हसायच्या. पोटासाठी माणूस काय काय हसतं.

पुढच्या वर्षी तीच पाळी सगुणावर आली. दुपारची वेळ होती, बाकीचे भाकरीला बसले होते. तिच्या दोन्ही डोळ्यांत चुन्याचे शिंतोडे गेले. डोळ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. तिला ना तेल आठवलं, ना नियम. घाणीच्या बैलांची दगडी दोण पाण्यानं भरलेली होती. तिनं तीत डोकं घातलं आणि पाण्याखाली डोळे उघडले. दम संपला की वर, दम घेतला की पुन्हा खाली. बैल बुजून बाजूला झाले तरी ती थांबली नाही. डोळे तांबडे झाले, सुजले, काही दिवस उजेड सोसवेना. आणि मग बरे झाले, चांगले लख्ख बरे झाले.

शहाणी बाई गप्प बसली असती. सगुणा गप्प बसायला जन्मली नव्हती. एका दुपारी छपरात सगळे जेवायला बसलेले असताना तिनं हे भर पंगतीत सांगितलं.

"बैलाच्या दोणीत तोंड घातलं म्हून डोळा वाचला?" कडूबा म्हणाला. "मंग बैलालाच इचारायचं व्हतं, बाबा तू वैद्य हायस का म्हून."

पंगत हसली. सगुणा हसली नाही.

"मामा, कोरड्या कळीवर पाणी टाकलं तर पेटती, बराबर हाय. पर हौदातला चुना भिजलेलाच असतो. त्याचं पेटून झालेलं असतं. पेटलेलं पुन्यांदा कसं पेटंल? तो नुसता खात ऱ्हातो. धुतला तर जातो, तेलानं झाकला तर आतच बसून खातो. पुष्पाबाईचा डोळा चुन्यानं न्हाई गेला, तेलानं गेला."

पुष्पाबाई समोरच बसली होती. तिचा घास हातातच राहिला. तिनं पदर ओढून तो पांढरा डोळा झाकला आणि उठून बाहेर गेली. ती समोर आहे हे सगुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, का येऊनसुद्धा ती थांबली नाही, हे तिचं तिलाच ठाऊक. कडूबाला मात्र त्या बाईचं सोयरसुतक नव्हतं. सून आपल्या औषधाला, म्हणजे आपल्याला, चारचौघांत खोटं पाडत होती, एवढंच त्याला दिसलं.

या वेळी त्यानं आसूड घेतला नाही. तो उठला, देवळीतल्या खंडोबासमोरचा भंडार आणला, वर बेलाचं पान ठेवलं आणि सगुणासमोर धरलं.

"उचल. या भट्टीवर कुणाच्या डोळ्यात चुना गेला तर मी पाण्याला हात लावणार न्हाई, दुसऱ्यालाबी सांगणार न्हाई. सांगितलं तर माझं कुकू पुसलं जाईल. म्हन."

कारभारी पंगतीतच होता. ज्याच्या जिवावर ही शपथ चालली होती तो ताटातल्या मिरचीचं देठ खुडत बसला होता.

"कुणाच्याबी डोळ्यात?" सगुणानं विचारलं.

"कुणाच्याबी."

तिनं बेलभंडार उचलला आणि शब्दन् शब्द म्हटला.

असं करत करत वर्षं गेली. हैद्राबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबईला जोडला गेला, आणि सरकारी बांधकामांची एकच घाई उडाली. शिमीट यायला लागलं होतं, पण ते मोठ्या कामांना. बाकी सगळं अजून चुन्यातच चाललेलं. बद्रीनाथ गुत्तेदाराच्या गाड्या माल नसला तरी येऊन उभ्या राहायच्या. कडूबानं भट्टी लवकर उतरावी म्हणून जळण वाढवलं, कोळशाचे थर जाड केले. आता दगडाचं असं आहे की कमी भाजला तर कच्चा राहतो आणि जास्त भाजला तर मुका होतो. करपलेली कळी पाण्यात टाकली तर लगेच बोलत नाही. दगडासारखी निपचित पडून राहते. तुम्ही म्हणता हिच्यात काही राम नाही. आणि मग मागाहून, सगळं निवल्यावर, तिच्या पोटापर्यंत पाणी पोचलं की ती उठते. कडूबाला हे पक्कं ठाऊक होतं. करपलेली कळी निवडून बाजूला ठेवायची असते, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलेलं. पण गाड्या उभ्या होत्या, गुत्तेदार पानाच्या पिचकाऱ्या मारत उभा होता, आणि त्याच्यासमोर निवडत बसणं म्हणजे माल बिघडला असं कबूल करणं. कडूबानं सगळी कळी एकदम हौदात लोटली.

त्यानं स्वतः पाणी ओतलं. हौद उकळला, वाफेनं भरला, हळूहळू शांत झाला. वर पांढरं दूध, खाली लोणी. त्यानं गुत्तेदाराकडं पाहून मिशीवर हात फिरवला, आणि लांब दांड्याचं फावडं घेऊन तळ ढवळायला वाकला. खाली मुकी कळी होती. फावड्यानं तिच्याभोवतीचा गाळ हलला, पाणी आत शिरलं, आणि हौदाचं बूड उसळलं. उकळता गाळ ताडकन वर आला तो थेट कडूबाच्या तोंडावर. कपाळापासून हनुवटीपर्यंत माणूस लिंपून निघाला, जशी भिंत लिंपतात.

तो हौदाच्या कडेला पडला आणि गुरासारखा हंबरला. बाया ओरडल्या. गुत्तेदार उलटा पळाला आणि आपल्या गाडीजवळ जाऊन थांबला. हौदाशेजारी पाण्यानं भरलेल्या घागरी ओळीनं होत्या. पलीकडं बैलांची दोण काठोकाठ होती. सगळीकडं पाणीच पाणी होतं.

सगुणा त्या घागरींच्या अगदी जवळ उभी होती. हात लांब केला असता तर काठ लागला असता.

"तेल," कडूबा ओरडत होता, "तेल आणा, एरंडेल, पाणी नका लावू, कुणी पाणी नका लावू!"

कारभारी मधोमध उभा होता. त्यानं घागरींकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि मग सगुणाकडं. आजवर त्यानं तिला कधी काही विचारलं नव्हतं. भाकरी गोड लागली की खारट, हेसुद्धा नाही.

"सगुणे," तो म्हणाला, "काय करू?"

पुष्पाबाईसुद्धा आपल्या एका डोळ्यानं तिच्याकडंच बघत होती. सगुणाच्या मनात काय आलं ते पुढं तिनं कुणाला सांगितलं नाही. शपथ आठवली असेल. कपाळाचं कुंकू आठवलं असेल. का फक्त एवढंच आठवलं असेल की तिनं त्या दिवशी नीट विचारून घेतलं होतं, "कुणाच्याबी डोळ्यात?" असं? शपथेला भिणारी ती बाई नव्हती, एवढं मात्र तिला ओळखणारा कुणीही सांगेल.

"मामा सांगत्यात तसं करा," ती म्हणाली. आणि छपरात जाऊन तिनंच एरंडेलाची बाटली आणली, आणि तिनंच बोटांनी पापण्या फाकवून ती दोन्ही डोळ्यांत रिती केली.

कडूबाला सकाळपर्यंत वाटत होतं की उतार पडेल. तिसऱ्या दिवशी पापण्या उघडेनात, तेव्हा त्याला बैलगाडीत घालून जालन्याला दवाखान्यात नेलं. कारभारी आणि सगुणा बरोबर गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिकटलेला चुना खरवडून काढला, पुष्कळ वेळ खटपट केली, आणि मग विचारलं की लागलं तेव्हा काय लावलं. कारभारीनं तेल सांगितलं. बाईंनी हातातला बोळा खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की लागल्या लागल्या पाण्यानं धुतलं असतं, घटकाभर नुसतं पाणी सोडत राहिलं असतं, तर सगळं नाही पण चालण्याफिरण्यापुरतं दिसायला राहिलं असतं. आता काही उरलं नाही. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी ते असं सांगितलं, की जणू रोज कुणाला तरी हेच सांगावं लागतं.

कडूबा खाटेवर पडून हे ऐकत होता. त्यानं मान वळवली, नेमकी जिथं सगुणा उभी होती तिकडं.

गाडी परत निघाली, अर्धी वाट सरली. मग कडूबा म्हणाला, "तुला ठावं व्हतं."

"तुम्हालाबी ठावं व्हतं, मामा. मी भर पंगतीत सांगितलं व्हतं. तुम्ही भंडार उचलाया लावला."

कारभारीनं बैल उगाच झोडपले, चढण नसताना.

घरी आल्यावर त्याचं तोंड उघडलं. मी तुला इचारलं व्हतं, तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, मी तुला इचारलं व्हतं की. सगुणानं बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तुमच्या तोंडावर पाणी वतलं म्हून मला आसुडानं फोडलं, तवा तुम्ही कुणाला इचारलं व्हतं?" दिवाळी झाली तसा तो जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. सणावारी यायचा, ओसरीवर निजायचा, परत जायचा. बायकोशेजारी तो पुन्हा निजला नाही. झुंबरबाई त्याच वर्षी तापानं गेली. भट्टीवर सून आणि आंधळा सासरा उरले.

भट्टी आता सगुणा चालवायला लागली. पाणी तीच ओतायची. करपलेली कळी निवडून काढायची. बायांना सांगून ठेवलं : हौदातलं काही डोळ्यात गेलं तर सरळ दोणीत डोकं घाला आणि डोळे उघडा, मी मारणार नाही. पुष्पाबाईनं हे ऐकलं आणि पाटी तिथंच टाकून ती जी गेली ती पुन्हा त्या भट्टीवर आली नाही. सगुणानं तिला बोलवायला माणूस धाडलं. ती आली नाही.

आणि कडूबानं एक नवंच खूळ काढलं. दवाखान्यातल्या बाईनं पाणी म्हटलं ना, मग पाणी. रोज सकाळी तो ओट्यावर येऊन बसायचा, तोंड आभाळाकडं करायचा आणि हाक मारायचा, "सगुणे, वत." सगुणानं तांब्या घेऊन त्याच्या उघड्या डोळ्यांत धार धरायची. डोळे म्हणजे दोन पांढरे गोटे. पाणी त्यांच्यावरून घरंगळून गालांवर, छातीवर यायचं. तांब्या संपला की तो म्हणायचा, दुसरा. थंडी असो, पाऊस असो. कडाक्याच्या गारठ्यात तो कुडकुडायचा, पण हटायचा नाही. शेजारचे म्हणायचे, काय सून आहे, काय सेवा करते. सगुणाला कळत होतं की ही सेवा नाही. म्हातारा तिला रोज त्या दिवशीच्या घागरींजवळ नेऊन उभं करत होता. आणि ती रोज येत होती, धार धरत होती, कारण आपण भ्यालो असं त्याला वाटू द्यायचं तिच्या मनात नव्हतं. दोघंही एकमेकांना सोडायला तयार नव्हते.

हे तीन वर्षं चाललं. शिमिटानं चुन्याला खाल्लं, गुत्तेदाराच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, हौदाच्या कडेला कुसळी गवत उगवलं. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. कडूबा ओट्यावर बसला होता, अंगात आता नुसती हाडं. सगुणानं धार धरली. तांब्या अर्धा झाला असेल तेव्हा तो म्हणाला, "आज जरा उजाडल्यासारखं वाटतंय. बघ बरं, पांढरं इरघळतंय का?"

त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काकुळत होती. हुकूम नव्हता. सगुणा वाकली. तिनं अंगठ्यानं पापणी वर केली आणि बराच वेळ नीट बघितलं. बोटाच्या टोकानं बुबुळावर हलकेच टिचकी मारावी इतकं ते पांढरं टणक दिसत होतं.

"मामा," ती म्हणाली, "भित्तीचा गिलावा वाळला की त्याचं काय व्हतं?"

जन्मभर चुन्यात राहिलेला माणूस, त्याला हे विचारायची गरज नव्हती. ओला चुना हवेवर राहिला की, भट्टीत त्यानं जे गमावलं ते पुन्हा ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. मग त्यावर पावसाळेच्या पावसाळे कोसळू द्या.

"दगड," कडूबा म्हणाला.

"तेच झालंय. भाजायच्या आधी व्हता तसा. आता तुम्ही दुधना वतली तरी इरघळणार न्हाई."

त्यानं मान हलवली. "बराबर," तो म्हणाला. तिचं म्हणणं बरोबर आहे असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला होता. सगुणा पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली. शिवी येईल असं तिला वाटलं, निदान रडेल असं वाटलं. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. मग त्यानं तोंड पुन्हा आभाळाकडं केलं आणि दोन्ही हातांनी आपल्या पापण्या फाकवल्या.

"तांब्यात अजून हाय," तो म्हणाला. "वत."